लांब नावांचे चित्रपट आणि एक अपुरे वाक्य

आमच्या सेमिनरीतील भोजनगृहाच्या दाराशी एक फळा टांगलेला असे. दुसऱ्या दिवशीच्या मिस्साची वेळ, कुणाला घरून पत्र आले असेल तर त्याचे नाव, बागकामाची पाळी, असल्या सूचना त्यावर खडूने लिहिल्या जात. 1991 साली मी तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना हे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर बरे होते आणि कमीत कमी शब्दांत मतलब सांगण्याची हातोटी आपल्याला साधली आहे, असा माझा स्वतःविषयी समज होता. तरुणपणी जे अनेक गैरसमज आपण मोठ्या प्रेमाने बाळगतो, त्यांतलाच तो एक.

ग्रंथालयाची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध फादर महिन्यातून एका शनिवारी आम्हाला चित्रपट दाखवीत. सोळा मिलिमीटरचा जुना प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली चादर आणि वर्गातली लाकडी बाके, एवढाच सगळा थाट. रीळ बदलताना दिवे लागत आणि तेवढ्या वेळात आम्ही दाबून ठेवलेला खोकला मोकळा करून घेत असू. हे फादर शुक्रवारी संध्याकाळी चित्रपटाच्या नावाची चिठ्ठी माझ्या हाती देत आणि ते नाव मी फळ्यावर लिहीत असे. एका शुक्रवारच्या चिठ्ठीवर नावाच्या चांगल्या दोन ओळी भरल्या होत्या. मी त्यातल्या अर्ध्या ओळीचे भाषांतर करून फळ्यावर लिहिले, ‘एक माणूस निसटला’.

रात्रीच्या जेवणाला जाताना फादर फळ्यापाशी थांबले.

“ब्रदर, बाकीचे नाव कुठे गेले?”

“फादर, फळ्यावर जागाच नव्हती.”

“मग बागकामाची पाळी पुसायची होती.”

एवढे बोलून त्यांनी खडू उचलला आणि पाळीच्या यादीवरच उरलेला मजकूर लिहून टाकला. पूर्ण नाव झाले ते असे : ‘मृत्युदंड झालेला एक माणूस निसटला आहे, अथवा वारा त्याच्या मर्जीने वाहतो’. बागकामाला त्या शनिवारी कुणीच गेले नाही.

रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1956 सालचा हा चित्रपट. 1957 साली कान येथील महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक त्याला लाभले. जाणकारांना तो ठाऊक आहे. पण आपल्याकडे धर्मग्रामाच्या दहा घरी विचारले तर दहाही जण नकारार्थी मान हलवतील. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला असताना लियाँ शहरातील मोंलुकच्या तुरुंगातून आंद्रे देविन्यी नावाचा एक फ्रेंच अधिकारी 1943 च्या ऑगस्टमध्ये पळाला. त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला होता. ही हकीकत त्याने स्वतः लिहून काढली होती आणि ब्रेसाँने ती आधाराला घेतली. चित्रपटातील नायकाचे नाव फोंतेन. लोखंडी चमचा घासून त्याची तो छिन्नी बनवतो, तिने दाराच्या फळ्यांचे सांधे दिवसेंदिवस कोरत राहतो, पलंगाच्या तारा आणि चादरींच्या चिंध्या वळून दोर करतो. पाऊण चित्रपट म्हणजे केवळ हात, लाकूड आणि बाहेरचे आवाज. किल्ल्या लोखंडी कठड्यावर घासत नेण्याचा आवाज, दूरच्या आगगाडीची शिटी. मधूनच मोझार्टच्या अपूर्ण राहिलेल्या एका मिस्सा-संगीतातील ‘हे प्रभो, दया कर’ या प्रार्थनेचे सूर ऐकू येतात आणि थांबतात.

त्या रात्री मी फादरांपाशी माझी तक्रार नोंदवली. माणूस निसटतो हे नावातच सांगून टाकले, तर दीड तास पाहत बसायचे ते कशासाठी? फादर रीळ डब्यात भरत होते. मान वर न करता ते म्हणाले, “गुड फ्रायडेच्या उपासनेला बसतोस, तेव्हा तुला शेवट ठाऊक नसतो का?”

नावाचा उत्तरार्ध योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला. रात्रीच्या वेळी लपतछपत भेटायला आलेल्या निकदेमाला प्रभू जे सांगतो, त्यातला हा वारा. ज्या ग्रीक शब्दाचा आपण येथे वारा असा अर्थ करतो, त्याच शब्दाचा अर्थ आत्मा असाही होतो, हे आम्हाला वर्गात शिकवून झालेच होते. चित्रपटात तुरुंगातील एक पास्टर हा उतारा कागदावर उतरवून फोंतेनच्या हाती देतो. परंतु ‘अथवा’ या शब्दाचे मोल मला कळले ते शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत. सगळी तयारी झालेली असताना फोंतेनच्या कोठडीत योस्त नावाचा एक सोळा वर्षांचा पोरगा आणून टाकला जातो. तो हेर असेल का? त्याला मारून टाकावे की बरोबर घ्यावे? फोंतेन त्याला बरोबर घेतो. आणि पुढे एक भिंत अशी येते, की जी एकट्या माणसाला चढता आलीच नसती. फोंतेनने दिवसेंदिवस चमच्याने कोरले ते नावाच्या पहिल्या अर्ध्यात बसते. तो पोरगा मात्र दुसऱ्या अर्ध्यात बसतो. फळ्यावर मी जो भाग गाळला होता, त्याच भागात.

तेव्हापासून लांब नावांचे चित्रपट हा माझा एक छंद होऊन बसला. धर्मगुरूच्या छंदांची यादी बहुधा बागकाम, पोस्टाची तिकिटे आणि होमिओपॅथी अशी असते. माझ्या या छंदाचे सहकारी धर्मगुरूंना काहीसे हसू येत असे. पुढे एक वर्गमित्र उच्च शिक्षणासाठी युरोपात गेला. त्याने वेळोवेळी डिस्क पाठवल्या आणि माझ्या संग्रहात भर पडत गेली.

आपल्या वाचकांना ‘अथवा’ची ही तऱ्हा परकी वाटू नये. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ते बाबा पदमनजींचे 1857 सालचे पुस्तक आपण ‘यमुनापर्यटन’ या सुटसुटीत नावाने ओळखतो. परंतु तिचे पुरे नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे. पूर्वार्ध वाचला तर वाटावे, कुणी यमुना नावाची बाई प्रवासाला निघाली आहे. तिने वाटेत काय पाहिले, हे ‘अथवा’च्या पुढे आहे. शालेय पुस्तकांनी आणि परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांनी तेवढेच नेमके उडवले.

लांब नाव म्हणजे खोल विचार असे मात्र मुळीच नाही. कित्येक चित्रपटांना निव्वळ गंमत म्हणून किंवा लक्ष वेधून घेण्यासाठी गाडीभर शब्द जोडलेले असतात. त्यांच्याविषयी येथे लिहिण्यात अर्थ नाही. लीना व्हर्टम्युलर या इटालियन दिग्दर्शिकेची गोष्ट मात्र मधल्या कुठल्याशा जागेवरची. सर्वोत्तम दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ही पहिली स्त्री. 2021 च्या डिसेंबरात ती वारली. तिच्या 1978 सालच्या एका चित्रपटाचे नाव सर्वांत लांब म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात गेले. मराठीत ते साधारण असे होईल : ‘सिकुलियाना गावच्या हद्दीत एका विधवेपायी दोन पुरुषांमध्ये घडलेला रक्तपात. राजकीय हेतूंचा संशय. प्रेम-मृत्यू-शिमी. सुंदर लुगानो. तारांतेला. तारालुच्ची आणि दारू.’ शिमी आणि तारांतेला हे नाचांचे प्रकार, तारालुच्ची हा खाण्याचा पदार्थ. आरंभी फौजदाराने लिहिलेला पंचनामा वाचतो आहोत असे वाटते आणि पाहता पाहता त्या पंचनाम्यात नाच आणि मेजवानी घुसते. सिसिलीत फॅसिस्टांचा जोर वाढू लागला त्या दिवसांची ही कथा. विधवेच्या भूमिकेत सोफिया लॉरेन. परदेशी वितरकांनी हे सगळे खरडून काढून इंग्रजीत ‘रक्तवैर’ अशा अर्थाचे दोन शब्द ठेवले. सिसिलीतल्या खुनाविषयी परक्या माणसाच्या मनात आधीपासूनच जे चित्र असते, तेवढेच त्या दोन शब्दांत उरले.

मुंबईच्या ख्रिस्ती समाजावर सईद मिर्झा यांनी 1980 साली काढलेल्या चित्रपटाचेही असेच झाले. त्याचे नाव ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’. हे नाव म्हणजे एक प्रश्न आहे. आमच्या लोकांच्या बोलण्यात मात्र तो नुसता ‘अल्बर्ट पिंटो’ होतो. प्रश्न गळाला की उरतो तो एक रागीट गोवेकर, आणि हिंदी चित्रपटांनी आपल्या समाजाची जी ठरीव सोंगे आणली, त्यांच्या रांगेत त्यालाही उभे करता येते. वास्तविक सारा चित्रपट त्या ‘का’चा आहे. मोटारी दुरुस्त करणारा अल्बर्ट श्रीमंत गिऱ्हाइकांच्या गाड्या हाकून स्वतःला त्यांच्यातलाच समजत असतो आणि संप करणाऱ्या कामगारांवर भडकत असतो. गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या बापाला संपाच्या काळात गुंडांची मारहाण होते आणि मग त्याचा राग कुणावर असायला हवा होता, हे त्याला हळूहळू उमगू लागते. त्याच्या लंगडत चालणाऱ्या बहिणीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली होती. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे घड्या उलगडणारा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता ज्या चित्रपटासाठी मी ही लेखणी उचलली, त्याच्याकडे वळतो.

रने आल्यो या फ्रेंच दिग्दर्शकाने 1976 साली एक चित्रपट पूर्ण केला. त्याचे नाव मराठीत आणताना मला प्रथम अडखळायला झाले आणि नंतर आपल्या भाषेचा अभिमान वाटला. ‘मी, पिएर रिव्हिएर, माझी आई, माझी बहीण आणि माझा भाऊ यांचे गळे चिरून...’ नाव येथेच थांबते. पुढे तीन टिंबे आहेत. फ्रेंच शब्दरचना जशी अधांतरी आहे, तशीच आपली ही ‘चिरून’ची रचना अधांतरी आहे. व्याकरणात आपण हिला पूर्वकालवाचक धातुसाधित म्हणतो. ‘जेवून’, ‘उठून’, ‘मारून’ असे म्हटले की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट पाहतो. जेवून काय केले? उठून कुठे गेला? या रूपाने वाक्य संपत नाही. ते संपवायचे तर माणसाला बोलू द्यावे लागते.

ही कथा कल्पित नव्हे. नॉर्मंडी प्रांतात औने नावाच्या गावाच्या हद्दीतील एका वाडीवर 3 जून 1835 रोजी पिएर रिव्हिएर या वीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाने कोयत्याने तिघांचा जीव घेतला. आई गरोदर होती. बहीण अठरा वर्षांची, भाऊ लहानगा. नंतर सुमारे महिनाभर तो रानावनात भटकत राहिला आणि मग पकडला गेला. गावात त्याला अर्धवट समजत. त्याला धड लिहिता-वाचता येत असेल अशी कुणाची कल्पना नव्हती. तुरुंगात त्याने लिहायला घेतले आणि थोड्या दिवसांत इतके सविस्तर, इतके सुसंगत निवेदन लिहून काढले की न्यायाधीश आणि वैद्य दोघेही चक्रावून गेले. चित्रपटाचे नाव हे त्या निवेदनातील आरंभीचे शब्द. मूळ वाक्य पुढे बरेच चालते. या कृत्यास आपण कशामुळे प्रवृत्त झालो ते कळावे म्हणून, आपल्या बापाचे व आईचे लग्न झाल्यापासूनचे सगळे आयुष्य आपण लिहिले आहे, असे तो तेथे सांगतो. म्हणजे खुनाचा कबुलीजबाब म्हणून जे वाक्य सुरू होते, त्याचे मुख्य क्रियापद ‘मारले’ हे नाहीच. ‘लिहिले’ हे आहे.

आणि तो खरोखरच सगळे लिहितो. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून सुटका व्हावी म्हणून 1813 साली बापाने केलेले लग्न, एकमेकांपासून दूर राहणारे नवरा-बायको, शेतांचे तंटे, कर्जे, खटले, मुलांची ओढाताण. बापाचे हाल त्याला पाहवेनात आणि बापाला सोडवायचे तर हाच एक मार्ग, असे त्याच्या मनाने घेतले. हे वाचून तो निर्दोष ठरत नाही. लहानग्या भावाला का मारले, याचे त्याने दिलेले कारण वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो दिग्दर्शकाने पुसट केलेला नाही. परंतु तीन प्रेतांच्या मागे वीस-बावीस वर्षांचे एक घर उभे राहते. निवेदनावरून काहींनी त्याला शहाणा ठरवले, काहींनी वेडा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यायालयाने मृत्युदंड फर्मावला. पॅरिसच्या एस्किरोलसारख्या नामांकित वैद्यांनी तो भ्रमिष्ट असल्याचा निर्वाळा दिला आणि राजाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. 1840 साली त्याने तुरुंगात गळफास लावून घेतला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी मिशेल फूको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे कागद अभ्यासून 1973 साली पुस्तक काढले. चित्रपट त्यावरून झाला.

आल्योने एक धाडस केले. शेतकऱ्यांच्या भूमिका त्याने त्याच भागातल्या शेतकऱ्यांना दिल्या. न्यायाधीश, वैद्य, अधिकारी यांच्या भूमिकांना तेवढे व्यावसायिक नट घेतले. त्यामुळे पडद्यावर दोन प्रकारची भाषा ऐकू येते. एका बाजूला गुळगुळीत, सरावलेली. ती पटापट निष्कर्षाला पोचते. दुसऱ्या बाजूला जमीन नांगरावी तशी एकेक शब्द उपटत जाणारी.

हा चित्रपट मी पाहिला तो बऱ्याच उशिरा, 2012 साली, धर्मग्रामाच्या कचेरीत रात्री एकटा बसून. नावाची पाटी पडद्यावर आली आणि शेवटची तीन टिंबे दिसली, तेव्हा मी यंत्र थांबवले. मला दुसरेच एक वाक्य आठवले होते.

2001 सालची गोष्ट. धर्मगुरू होऊन मला दोनच वर्षे झाली होती. आमच्या धर्मग्रामाजवळच्या तालुक्याच्या गावी एक लहान कारागृह होते, आणि दर गुरुवारी दुपारी एका सिस्टरबरोबर मी तेथे जात असे. साबण, टूथपेस्ट, पोस्टकार्डे असे काहीबाही आम्ही नेत असू आणि ज्यांना बोलावेसे वाटे, त्यांच्याशी बोलत असू. बहुतेक कच्चे कैदी. ख्रिस्ती फारच थोडे. एक चाळिशीचा शेतकरी रोज कोपऱ्यात पाठ टेकून बसे. तो दोन महिने एक अक्षर बोलला नाही. सिस्टरांनी दिलेले पोस्टकार्ड घ्यायचा आणि कोरेच परत करायचा. पावसाळा नुकताच सुरू झाला होता, तेव्हा एका गुरुवारी तो आपण होऊन माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. हा प्रायश्चित्त संस्कार नव्हता आणि तो आपल्या धर्माचाही नव्हता, म्हणूनच हे मी लिहू शकतो. जमिनीकडे पाहत तो म्हणाला,

“फादर, बांधावरून भांडण झालं... धाकट्या भावाच्या डोक्यात पहार घालून मी...”

तो श्वास घ्यायला थांबला. आणि मी बोललो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी त्याला देवाच्या क्षमेविषयी सांगितले. मनापासून सांगितले, चांगले सांगितले. सिस्टरही मान डोलवत होत्या. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, क्रुसावरच्या चोराची सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले. मग “बरं, फादर” असे म्हणाला, उठला आणि पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. परत येताना मला समाधान वाटत होते. एक माणूस मोकळा झाला, असे मी त्या रात्री रोजनिशीत लिहिलेही. पुढच्या गुरुवारी गेलो, तो त्याला दुसऱ्या कारागृहात हलवल्याचे कळले.

‘पहार घालून मी...’ हे वाक्य मी ‘मारले’ या क्रियापदाने मनातल्या मनात पुरे करून टाकले होते. पण तेवढे तर कागदोपत्री सगळ्यांनाच ठाऊक होते. ते सांगण्यासाठी त्याला दोन महिने का लागावेत? पहार घालून मी काय? त्याला उचलून घरी नेला? विहिरीवर जाऊन बसलो? आईला काय सांगितले? ‘पहार घालून मी मोकळा झालो’ असे काही भयंकर तो बोलणार होता, की ‘पहार घालून मी पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली’ असे काही? क्षमेची घाई झालेल्या माणसाला या कशाची गरज नव्हती. मला क्षमा द्यायची होती, कारण ती देता येते. ऐकत बसण्यात देण्यासारखे काहीच हाती नसते.

त्यानंतर मी त्याचा पत्ता लावण्याचा प्रयत्न केला, असे लिहायला मला आवडले असते. 2001 साली मी तसे काही केले नाही. 2012 साली, चित्रपट पाहून झाल्यावर केला. त्याचे पूर्ण नावही माझ्याजवळ नव्हते. रोजनिशीत मी फक्त ‘बांधावरचा खून’ असे लिहून ठेवले होते. दोन शब्दांत मावले, ते तेवढेच मावले.

या चित्रपटाला एक उत्तरकथा आहे. आल्योच्या हाताखाली काम करणारा निकोला फिलिबेर हा तरुण सहाय्यक पुढे स्वतः अनुबोधपट काढू लागला. 2023 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेही मानसिक रुग्णांसाठी दिवसा चालणाऱ्या एका केंद्रावरील अनुबोधपटासाठी. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्यांना गोळा करण्याचे काम मूळ चित्रीकरणाच्या वेळी त्याच्याकडे होते. तीस वर्षांनी तो त्यांना शोधत पुन्हा त्या गावांत गेला आणि 2007 साली ‘नॉर्मंडीला परत’ हा चित्रपट त्याने केला. नाव अगदी आखूड, पण मजकूर ऐसपैस. कुणाच्या घरी डुकरी व्याली आहे, कुणी पक्षाघाताने वाचा गमावून ती शब्दाशब्दाने परत मिळवते आहे, कुणाचे घर मुलीच्या मानसिक आजाराने होरपळले आहे. फिलिबेर कुणालाही घाई करत नाही. प्रश्न विचारतो आणि गप्प राहतो. कधी कधी ती शांतता इतकी लांबते की आपणच खुर्चीत चुळबुळू लागतो.

त्याला मुख्यतः शोधायचे होते ते पिएरची भूमिका करणाऱ्या तरुणाला. तो मुलगा नंतर काही काळ नट म्हणून वावरला आणि मग कुणाच्याच संपर्कात राहिला नव्हता. अखेरीस तो सापडतो. तो धर्मगुरू झालेला असतो आणि हैतीमध्ये मिशनरी म्हणून राहत असतो. मी हे पाहिले तेव्हा माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. खुन्याचे शब्द महिनोन्‌महिने तोंडी वागवणारा हा शेतकऱ्याचा पोर आता माझ्याच व्यवसायात होता. तो निवांत बोलतो. ‘त्या भूमिकेने मला देवाकडे नेले’ असे काहीतरी तो म्हणेल, आपण ते प्रवचनात वापरू, अशी आशा क्षणभर माझ्या मनात डोकावली, हे मी कबूल करतो. सवयी सहजासहजी जात नाहीत.

त्या चित्रपटाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. फिलिबेरच्या वडिलांनीही आल्योच्या चित्रपटात एक छोटी भूमिका केली होती. संकलनात ते दृश्य कापले गेले. मुलाने ते कापलेले तुकडे हुडकून काढले आणि आपल्या चित्रपटाच्या अखेरीला जोडले. बाप पडद्यावर दिसतो. त्याचा आवाज मात्र नाही.

फिलिबेरने जे कापलेले परत जोडले, तेच जोनास मेकास या लिथुआनियन निर्वासिताने सबंध आयुष्याचे केले, असे म्हणता येईल. जर्मनांच्या श्रमछावणीतून आणि नंतर निर्वासितांच्या छावण्यांतून तो 1949 साली न्यूयॉर्कला पोचला, कॅमेरा विकत घेतला आणि 2019 साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी मरेपर्यंत चित्रण करीत राहिला. 2000 साली त्याने घरगुती चित्रणाचे तुकडे एकत्र करून जवळजवळ पाच तासांचा चित्रपट केला : ‘पुढे पुढे जात असता मधूनमधून मला सौंदर्याचे ओझरते दर्शन घडले’. बाप्तिस्मे, वाढदिवस, मुलीची पहिली पावले, खिडकीतला बर्फ. तुकड्यांचा क्रम आपल्याला लावता आला नाही, असे तो स्वतःच त्यात सांगतो. मी तो तीन रात्रींत मिळून पाहिला आणि दोनदा झोपलो. तरी सुचवीन की ज्यांच्या घरी लग्नाच्या आणि नामकरणाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी बुरशी खात पडल्या आहेत, त्यांनी तो पाहावा.

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात मी ब्रेसाँचा तो जुना चित्रपट दाखवायचे ठरवले. युवक मंडळातील एक मुलगा संगणकावर त्याची जाहिरात करीत होता. थोड्या वेळाने तो मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आला. “फादर, नाव फार लांब आहे. ‘अथवा’पासून पुढचं काढू का? फोटोवर जाईल.” मी त्याला फोटो लहान करायला सांगितले. त्याने तो केला, तसा नाखुशीनेच.

बावीस माणसे आली. मध्यंतरात पाच उठून गेली. मी भाषण केले नाही, फक्त नाव दोनदा सावकाश वाचून दाखवले. चित्रपट संपल्यावर लोक पांगले आणि मी वायर गुंडाळीत असताना, रोज पहाटेच्या मिस्साला पहिल्या बाकावर बसणाऱ्या एक वृद्ध मावशी तेवढ्या मागे राहिल्या. त्यांनी फोंतेनविषयी काही विचारले नाही. वाऱ्याविषयीही नाही.

“फादर, तो लहान पोरगा,” त्या म्हणाल्या, “भिंतीवरून उतरल्यावर ज्याला आईची आठवण झाली तो. तो पुढे आईला भेटला का?”

चित्रपटात ते सांगितलेले नाही, असे मी त्यांना म्हणालो. मग खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसलो, कारण त्यांना अजून काहीतरी बोलायचे होते.